दूरध्वनीच्या तारेचे गणित

शहागंजच्या चौकात सकाळी उभे राहिले असता चोहोंकडे गजबज दिसते. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, रिक्षांचे आवाज, दुकाने उघडण्याची लगबग आणि ह्या साऱ्या गडबडीकडे निश्चलपणे पाहत उभा असलेला घड्याळाचा जुना मनोरा, असे तेथील दृश्य असते. चौकातून सिटी चौकाकडे, सराफ्याकडे आणि आसपासच्या वस्त्यांकडे अरुंद गल्ल्या जातात. ह्या गल्ल्यांतून चालताना सहज वर पाहिले, तर डोक्यावरून गेलेल्या तारांचे जाळे नजरेस पडते. त्यांत विजेच्या तारा असतात, दूरचित्रवाणीच्या तारा असतात आणि एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवर, चुन्याच्या थराखाली अर्धवट दडलेली, दूरध्वनीची बारीक तारही आढळते.

ही तार दिसावयास अगदी क्षुल्लक असते. आतील तांबे अर्ध्या मिलिमीटरहून जाड नसते. तरीही ह्या तारेने अनेक वर्षे दूरदूरच्या नातेवाइकांचे आवाज घराघरांत आणून पोचविले. पुढे त्याच तारेवरून पुस्तके, चित्रे, चलच्चित्रे आणि शाळेचे पाठसुद्धा येऊ लागले. जी तार केवळ बोलण्यासाठी टाकली होती, तिच्यावर एवढा मोठा भार कसा टाकता आला? आणि एखाद्या घरातील तार किती भार वाहू शकेल, हे आधी हिशेब करून सांगता येते काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मोठी मनोरंजक आहेत.

ह्या नगरास अशा हिशेबाची ओळख फार जुनी आहे. मलिक अंबराने 1610 साली खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि 2023 साली त्यास छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. नगर वसविल्यावर पाण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा मलिक अंबराने भोवतालच्या डोंगरपायथ्याचे भूमिगत पाणी खापरी नळांतून आणि चुनेगच्ची बोगद्यांतून नगरात आणले. हीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी होय. विजेवर चालणारी, पाणी वर ओढणारी यंत्रे त्या काळी नव्हती. केवळ उताराच्या जोरावर पाणी वाहत असे. त्यामुळे नळ किती लांब आहे, किती रुंद आहे, कोठे गळतो आणि त्यात गाळ किती साचला आहे, ह्या गोष्टींवरच शेवटच्या हौदात किती पाणी पडणार हे ठरत असे. हौदावर उभे राहून कोणी कितीही रागावले, तरी नळाच्या ताकदीबाहेर एक घागरही अधिक भरत नसे.

दूरध्वनीच्या तारेचेही बरेचसे असेच आहे. तिच्यातून पाण्याऐवजी विजेच्या लहरी वाहतात, एवढाच मुख्य भेद. तारेची लांबी, तिची जाडी, तिचे सांधे आणि तिच्यात शिरणारा गोंगाट ह्या चार गोष्टी ठाऊक झाल्या, म्हणजे तिची ताकद पुष्कळशी कळून येते.

प्रथम तारेचा प्रवास पाहू जाता तो असा दिसतो. नगराच्या निरनिराळ्या भागांत टेलिफोन एक्सचेंजे असतात. एक्सचेंजमधून शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून निघते. ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोखंडी पेटीत येते. तीस ‘पिलर’ म्हणतात. तेथून लहान केबल निघून खांबावरील किंवा भिंतीवरील छोट्या डबीत येते. तीस लाइनमन ‘डीपी’ म्हणतात. डीपीपासून पुढे प्रत्येक घरास दोन तारांची एक जोडी जाते. ह्या दोन तारा एकमेकींस पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरचा विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडावा आणि यंत्राने दोन तारांतील फरक घेतला म्हणजे तो उपद्रव वजा व्हावा, हा त्यातील हेतू असतो. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्याने 1876 साली दूरध्वनीचा हक्क मिळविला आणि 1881 साली पिळलेल्या जोडीचाही हक्क मिळविला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1882 साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्सचेंजे सुरू झाली. इतकी ही पिळलेली जोडी जुनी आहे.

मनुष्याच्या बोलण्यात निरनिराळ्या कंपनांचे स्वर मिसळलेले असतात. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंपनसंख्या किंवा वारंवारता असे म्हणतात आणि ती हर्ट्‌झ ह्या एककात मोजतात. बोलणे स्पष्ट समजण्यासाठी 300 पासून 3400 हर्ट्‌झपर्यंतची कंपने पुरतात. म्हणून दूरध्वनीची सारी व्यवस्था तेवढ्यापुरतीच बांधली होती. पण तांब्याची तार काही 3400 हर्ट्‌झला थांबत नाही. तिच्यातून लाखो हर्ट्‌झची कंपनेही जाऊ शकतात. एखाद्या रुंद रस्त्याच्या कडेने केवळ एक पाऊलवाट वापरली जावी आणि उरलेला रस्ता रिकामा पडावा, तसे हे होते. हा रिकामा रस्ता वापरण्याची युक्ती म्हणजेच तारेवरील ब्रॉडबँड होय. ब्रॉड म्हणजे रुंद आणि बँड म्हणजे पट्टा. भारत संचार निगम ही संस्था 2000 साली स्थापन झाली आणि 2005 सालापासून तिची ब्रॉडबँड सेवा दूरध्वनीच्या ह्याच तारांवरून देण्यास प्रारंभ झाला.

ह्या युक्तीत तारेवरील कंपनांचा पट्टा लहान लहान कप्प्यांत विभागलेला असतो. प्रत्येक कप्पा सुमारे 4300 हर्ट्‌झ रुंद असतो. अगदी खालचे कप्पे बोलण्यासाठी राखून ठेवतात. त्यांच्या वरचे थोडे कप्पे घरातून बाहेर माहिती पाठविण्यासाठी आणि उरलेले पुष्कळसे कप्पे घरात माहिती आणण्यासाठी योजलेले असतात. बहुतेक घरांत माहिती येते अधिक आणि जाते कमी, म्हणून ही वाटणी विषम ठेवली आहे. ह्या पद्धतीस एडीएसएल असे म्हणतात. तिच्या सुधारलेल्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एडीएसएल दोन प्लसमध्ये, एकंदर 512 कप्पे असतात आणि 22 लाख हर्ट्‌झपर्यंतचा पट्टा वापरला जातो.

संगणकाची सारी माहिती शून्य आणि एक ह्या दोनच चिन्हांत लिहिलेली असते. अशा एका चिन्हास बिट म्हणतात. प्रत्येक कप्प्यातून एका सेकंदात 4000 वेळा निरोप पाठविला जातो आणि प्रत्येक निरोपात एकापासून पंधरापर्यंत बिट भरता येतात. कप्पा स्वच्छ असेल तर पंधरा बिट मावतात. कप्प्यात गोंगाट असेल तर तीन किंवा चारच मावतात. फारच गोंगाट असेल तर तो कप्पा रिकामाच सोडावा लागतो. म्हणजे एका कप्प्यातून जास्तीत जास्त 15 गुणिले 4000, अर्थात 60 हजार बिट दर सेकंदास जातात. सर्व कप्प्यांची बेरीज केली, की तारेचा वेग मिळतो. दहा लाख बिटांस एक मेगाबिट म्हणतात. एडीएसएल दोन प्लसचा मोठ्यात मोठा वेग सेकंदास सुमारे 24 मेगाबिट इतका असतो. परंतु हा वेग एक्सचेंजच्या अगदी शेजारच्या घरासच मिळतो.

असे का व्हावे? ह्याचे कारण तारेतील घट हे होय. तारेत शिरलेली लहर जसजशी पुढे जाते, तसतशी ती क्षीण होत जाते. ह्या घटीस क्षीणन म्हणतात आणि ते डेसिबेल ह्या एककात मोजतात. डेसिबेलची रीत थोडी निराळी आहे. 3 डेसिबेल घट झाली म्हणजे शक्ती निम्मी उरते. 10 डेसिबेल घट झाली म्हणजे दहावा हिस्सा उरतो. 20 डेसिबेल घटीनंतर शंभरावा आणि 30 डेसिबेल घटीनंतर हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे डेसिबेलची बेरीज होते तेव्हा शक्तीचा भागाकार होत असतो.

दूरध्वनीच्या 0.4 मिलिमीटर जाडीच्या तारेत, तीन लाख हर्ट्‌झच्या आसपास, दर किलोमीटरला सुमारे 13.8 डेसिबेल घट होते असे धरतात. ह्यावरून हिशेब मांडला तर आश्चर्य वाटते. एका किलोमीटरनंतर शक्तीचा सुमारे चोविसावा हिस्सा उरतो. अडीच किलोमीटरनंतर घट 34.5 डेसिबेल होते, म्हणजे जवळजवळ अठ्ठाविसशेवा हिस्सा उरतो. पाच किलोमीटरनंतर घट 69 डेसिबेल होते आणि मूळ शक्तीच्या सुमारे ऐंशी लाखांश इतकीच शक्ती शिल्लक राहते. अंतर दुप्पट झाले म्हणून घट दुप्पट झाली असे वाटते खरे, पण शक्ती मात्र अठ्ठाविसशे पटींनी कमी झालेली असते. शिवाय उंच कंपनांची घट नीच कंपनांच्या घटीहून पुष्कळ अधिक असते. म्हणून लांबच्या घरी वरचे कप्पे मुळी पोचतच नाहीत आणि खालच्या थोड्या कप्प्यांवरच भागवावे लागते.

केवळ लहर क्षीण झाली म्हणून काही बिघडले नसते. रात्रीच्या शांततेत दूरच्या देवळातील घंटाही ऐकू येते. पण भर बाजारात शेजारच्या माणसाचे बोलणेही कळत नाही. तारेतही असा बाजार भरलेला असतो. एकाच केबलमधील शेजारच्या जोड्या, विजेची उपकरणे, गंजलेले सांधे हे सारे मिळून गोंगाट उत्पन्न करतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा पट्टा तर तारेवरील वरच्या कप्प्यांशी थेट मिळताजुळता असतो. मध्यम लहरी रात्री दूरवर पसरतात, त्यामुळे कित्येक तारांवर रात्रीचा गोंगाट दिवसापेक्षा वाढलेला आढळतो. मूळ लहर ह्या गोंगाटाहून किती उंच आहे, ह्यावर कप्प्यात किती बिट मावतील हे अवलंबून असते. अमेरिकेतील गणिती क्लॉड शॅनन ह्याने 1948 साली हा संबंध निश्चित सूत्रात मांडला. पट्ट्याची रुंदी आणि लहर व गोंगाट ह्यांचे प्रमाण ठाऊक असेल, तर त्या मार्गाने बिनचूक माहिती जास्तीत जास्त किती वेगाने जाईल हे त्या सूत्राने सांगता येते. त्या मर्यादेबाहेर कोणासही जाता येत नाही.

व्यवहारात ह्या सूत्राचे सोपे रूप वापरता येते. लहर गोंगाटाहून जितके डेसिबेल उंच असेल, त्यातून सुमारे 10 डेसिबेल चुका टाळण्यासाठी आणि 6 डेसिबेल अडीअडचणीसाठी राखीव म्हणून वजा करावेत. जे उरेल त्यास 3 ने भागावे, म्हणजे बिटांची संख्या मिळते. उदाहरणार्थ, एखाद्या कप्प्यात लहर गोंगाटाहून 40 डेसिबेल उंच आहे. 40 मधून 16 गेले, उरले 24. त्यास 3 ने भागले, की 8 बिट मिळाले. असे 300 कप्पे असतील, तर 300 गुणिले 8 गुणिले 4000, म्हणजे 96 लाख बिट, अर्थात सेकंदास 9.6 मेगाबिट इतका वेग होतो. राखीव ठेवलेले 6 डेसिबेल प्रत्येक कप्प्याचे दोन बिट खातात हे खरे. पण ते सोडले, तर जरा कोठे पंखा सुरू झाला की जोडणी तुटावी अशी स्थिती होते. घरातील धान्य संपण्यापूर्वी थोडे बियाण्यासाठी बाजूला ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

अनेक तारांच्या अनुभवावरून अंतर आणि वेग ह्यांचा एक ठोकताळाही बसविलेला आहे. एडीएसएल दोन प्लस पद्धतीने एक किलोमीटरवर सुमारे 20 मेगाबिट, दोन किलोमीटरवर सुमारे 15, तीन किलोमीटरवर सुमारे 8, चार किलोमीटरवर सुमारे 4 आणि पाच किलोमीटरवर दोनच्या आसपास वेग मिळतो. हे आकडे चांगल्या स्थितीतील तारेचे आहेत. येथे अंतर म्हणजे नकाशावरील सरळ रेघ नव्हे. तार रस्त्यांनी आणि गल्ल्यांनी वळसे घेत जाते. नकाशावर सव्वा किलोमीटर दिसणारे अंतर तारेने दोन किलोमीटरही भरू शकते.

आता हे गणित प्रत्यक्ष कसे उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी एका कुटुंबाची कल्पना करावी. हे कुटुंब शहागंजातील एका जुन्या दुमजली घरात राहते. साल 2020 आहे. साथीच्या रोगामुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आहेत आणि पाठ घरबसल्या संगणकावर होत आहेत. घरात सातवीत शिकणारी एक मुलगी आहे. रोज सकाळी गणिताचा तास सुरू होतो आणि दहा मिनिटांतच गुरुजींचे चित्र थिजते. आवाज तुटतो. पुन्हा जोडणी होईपर्यंत उदाहरण सोडवून झालेले असते. असे दोन आठवडे चालले. मुलगी मागे पडू लागली. आजोबा संतापले. “पैसे पुरते घेतात आणि वेग मात्र देत नाहीत. आता सोळा मेगाबिटांची महाग योजना घ्यावी, म्हणजे तरी ही कटकट मिटेल,” असे ते म्हणाले.

मुलगी म्हणाली, “आजोबा, आधी आपली तार सोळा मेगाबिट वाहू शकते का, ते तर पाहू या.”

मोडेमच्या माहितीच्या पानावर तारेची स्थिती लिहिलेली असते. तेथे तिला दोन आकडे सापडले. क्षीणन 34.5 डेसिबेल आणि जोडणीचा वेग 4 मेगाबिट. तिने 34.5 ला 13.8 ने भागले. उत्तर अडीच आले. म्हणजे तार सुमारे अडीच किलोमीटर लांब असली पाहिजे. ठोकताळ्याप्रमाणे दोन किलोमीटरला 15 आणि तीन किलोमीटरला 8, म्हणून अडीच किलोमीटरला 11 ते 12 मेगाबिट वेग अपेक्षित होता. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली ही, की सोळा मेगाबिटांची योजना घेणे व्यर्थ होते. ह्या तारेतून सोळा मेगाबिट कधीच येणार नव्हते. दुसरी ही, की चार मेगाबिट हा वेगही अंतरामुळे कमी झालेला नव्हता. अंतराने बारापर्यंत खाली आणले असते, पण बाराचे चार कोणी केले? चोर दुसराच होता आणि तो बहुधा घराच्या जवळ किंवा घरातच होता.

शोध पायरीपायरीने घेतला गेला. प्रथम मोडेम माडीवरून खाली आणून, बाहेरून तार जेथे घरात शिरते तेथील पहिल्या पेटीस जोडला. घरातील जुनी तार आणि माडीवरील दुसरा दूरध्वनी काढून ठेवला. वेग तत्काळ 9 मेगाबिट झाला. दुसऱ्या दूरध्वनीस बोलणे व माहिती निराळी करणारी छोटी डबी, म्हणजे स्प्लिटर, लावलेलीच नव्हती. शिवाय माडीवर गेलेली तार तीन ठिकाणी नुसती पीळ देऊन जोडलेली होती. नंतर दूरध्वनी कानास लावून, एक आकडा दाबून, शांतपणे ऐकले तेव्हा बारीक खरखर ऐकू आली. पाऊस पडला की ती वाढत असे. हा दोष घराबाहेरचा होता. तक्रार नोंदविताना मुलीने केवळ ‘वेग कमी आहे’ असे लिहिले नाही. क्षीणन किती आहे, अपेक्षित वेग किती, पहिल्या पेटीवर मिळणारा वेग किती आणि पावसात खरखर वाढते, असे चारही मुद्दे तिने लिहिले. लाइनमन आला. त्याने डीपी उघडली. आतील सांधा ओलाव्याने हिरवा पडला होता. त्याने तो कापून नवा केला. वेग साडेअकरा मेगाबिटांवर गेला आणि तेथेच स्थिर राहिला.

लाइनमनजवळ तारेची लांबी तपासण्याची आणखी एक रीत असते. तो जोडीची दोन टोके एका बाजूस एकत्र जोडतो आणि दुसऱ्या बाजूने तारेचा विद्युत्-रोध मोजतो. 0.4 मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा, म्हणजे जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा मिळून, रोध दर किलोमीटरला सुमारे 275 ओहम असतो. 0.5 मिलिमीटर तारेचा तो सुमारे 175 ओहम असतो. मोजलेला रोध ह्या संख्येने भागला की लांबी निघते. दोन्ही रीतींनी आलेली लांबी जुळली, तर हिशेब बरोबर आहे असे समजावे. ती जुळली नाही, तर कोठेतरी सांधा खराब असण्याचा संभव असतो. हे मोजमाप मात्र जाणत्या माणसानेच करावयाचे असते. दूरध्वनीच्या तारेत नेहमी सुमारे 48 व्होल्ट दाब असतो आणि घंटा वाजताना तो आणखी वाढतो, म्हणून उघड्या तारांस मुलांनी हात लावू नये.

वेगाचा आकडा कळल्यावरही एक गफलत नेहमी होते. योजनेत वेग मेगाबिटांत सांगितलेला असतो, तर पुस्तकाचे किंवा चित्राचे आकारमान मेगाबाइटांत सांगितलेले असते. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे 8 मेगाबिट वेगाच्या तारेवरून सेकंदास 8 नव्हे, तर एकच मेगाबाइट येतो. 60 मेगाबाइटांचे पुस्तक उतरविण्यास निदान एक मिनिट लागणारच. तसेच, एडीएसएल पद्धतीत घरातून बाहेर जाण्याचा वेग बहुधा एक मेगाबिटाच्या आसपासच असतो. गुरुजींचे चित्र स्वच्छ दिसते, पण विद्यार्थ्याचे चित्र गुरुजींस अस्पष्ट दिसते, ह्याचे कारण पुष्कळदा ह्या विषम वाटणीत असते.

ज्यांची घरे एक्सचेंजपासून पाच किलोमीटरवर आहेत, त्यांचे काय? त्यांच्या सांध्यांत दोष नसला आणि घरातील जोडणी निर्दोष असली, तरी दोन मेगाबिटांहून फारसे अधिक त्यांस मिळत नसे. शेजारच्या वस्तीतील मूल तास बिनदिक्कत ऐके आणि त्याच वर्गातील, तितकेच शुल्क भरणारे दुसरे मूल, केवळ घर दूर म्हणून, मागे राही. हा कोणाचा अपराध नव्हता, तो तांब्याचा गुणधर्म होता. पण गुणधर्म कळला म्हणूनच उपायही सुचला. दूरच्या वस्तीजवळच्या पेटीपर्यंत माहिती निराळ्या मार्गाने आणावी आणि तांब्याची वाट तेवढी आखूड करावी, हा एक उपाय. तांबे अजिबात काढून टाकावे, हा दुसरा.

दुसऱ्या उपायाचे नाव काचतंतू. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाशाच्या लहरी पाठविता येतात. ह्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी हे होते. त्यांनी 1954 साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. पुढे 1966 साली चार्ल्स काओ ह्यांनी असे दाखविले, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून फार दूरवर संदेश पाठविता येतील. ह्या कार्यासाठी त्यांस 2009 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आजच्या चांगल्या काचतंतूत दर किलोमीटरला 0.2 ते 0.4 डेसिबेल एवढीच घट होते. पाच किलोमीटरला ती फार तर 2 डेसिबेल. जेथे तांब्यातून ऐंशी लाखांश शक्ती पोचत होती, तेथे काचेतून निम्म्याहून अधिक पोचते. बाहेरच्या विजेचा गोंगाटही काचेस बाधत नाही. म्हणूनच आता ठिकठिकाणी तांब्याच्या तारांची जागा काचतंतू घेत आहेत. त्यांच्या बाबतीत, घर एक्सचेंजपासून दोन किलोमीटरवर आहे की पाच, ह्याने फारसा फरक पडत नाही.

तथापि तांब्याच्या तारेने शिकविलेली रीत जुनी होणारी नाही. समोर अडचण आली असता प्रथम मर्यादा किती आहे हे हिशेबाने ठरवावे. नंतर प्रत्यक्षात काय मिळते ते मोजावे. ह्या दोहोंत अंतर पडले, तर ते कोठे पडले हे एकेक सांधा तपासून शोधावे. मर्यादा ठाऊक नसली की मनुष्य अशक्य गोष्टीसाठी पैसे आणि संताप दोन्ही खर्च करतो. मोजमाप केले नाही की बरा होण्याजोगा दोषही तो नशिबाच्या माथी मारतो. नहर-ए-अंबरीच्या कारागिरांनी हौदातील पाणी कमी झाले असता नळाच्या वाटेने मागे मागे जाऊन गळती शोधली असेल. शहागंजातील त्या मुलीने तारेच्या वाटेने मागे जाऊन हिरवा पडलेला सांधा शोधला. दोघांची विद्या एकच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा तास सुरू झाला, तो शेवटपर्यंत अखंड चालला आणि आजोबांनीही शेजारी बसून तो पुरा ऐकला.